रिकामा डबा: पुण्यातल्या एका मंडळीच्या मदतीचा प्रकरण अभ्यास

ही हकिगत पुण्याच्या पूर्व भागातल्या एका जुन्या पेठेतली आहे. नाव कोणाचंच दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, ज्या दोन बैठकांत हा विषय निघाला त्यांना मी हजर होतो. बाकीचं संबंधितांकडून ऐकून, पडताळून लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

बाई ७४ वर्षांच्या. अनुदानित शाळेत मराठी आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. जवळचं म्हणावं असं एकच माणूस, जालन्याला असलेला भाचा. पंचहौदाच्या चर्चचा मनोरा गच्चीतून दिसतो अशा एका वाड्यात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, जुन्या भाड्याच्या. जिना लाकडी, अरुंद, वरचा पत्रा गळका. मंडळीत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात, कारण आजच्या कमिटीतल्या निम्म्या लोकांना संडे स्कूलमध्ये त्यांनीच शिकवलंय. कोणी आजारी पडलं की पहिल्यांदा दारात उभ्या राहणाऱ्याही त्याच. थोडक्यात, देणाऱ्या बाई. घ्यायची सवय नाही.

मंडळी मराठी उपासनेची, मध्यम आकाराची. बहुतेक घरांची मुळं नगर किंवा जालना भागातली. आजोबा-पणजोबा मिशनच्या शाळेत नाहीतर दवाखान्यात कामाला होते. आमच्याकडे सेवा म्हटलं की केडगावचं मुक्ती मिशन डोळ्यांपुढे येतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका आणून जगवल्या, ते. असलं मोठं उदाहरण घरात असण्याचा अभिमान आहेच, पण त्याचा एक तोटाही होतो. कोणाचं तरी पाण्याचं पिंप भरून देणं हे 'सेवा' या खात्यात धरलंच जात नाही.

तळमजल्यावर काकू राहतात. पन्नाशीच्या. घरोघरी पोळ्या लाटून देतात. पहाटेपासून अकरापर्यंत त्यांचा तवा उतरत नाही. काकू ख्रिस्ती नाहीत. गणपतीत त्यांचे मोदक वर जातात, नाताळात बाईंच्या करंज्या खाली येतात, आणि या देवघेवीला दोघींपैकी कोणीच कधी नाव दिलेलं नाही. इथे जरा विषय सोडून सांगतो. याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली व्याख्यानाला गेलेल्या रानडे, टिळक वगैरे मंडळींना चहा दिला गेला आणि त्यावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहा कोणी कोणाकडून घ्यावा यावर या गावाने वर्ष-दोन वर्षं घालवली आहेत. आता धर्माचा तो पीळ उरला नाही, पण कोणाकडून काय घेतलं आणि ते कसं फिटणार, हा हिशेब प्रत्येक घरात अजून चालूच असतो. पुढचं सगळं प्रकरण त्या हिशेबावर अडलं.

मागच्या वर्षी जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसानंतर, दूध आणायला उतरताना बाई जिन्यावरून घसरल्या. उजव्या हाताचं मनगट मोडलं, गुडघ्याला मुका मार लागला. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. पहिले चार दिवस काकूंनी निभावले. पहाटे कॉर्पोरेशनचं पाणी आलं की वर जाऊन पिंप भरायचं, चहा टाकायचा, बाईंची वेणी घालायची, साडी नेसवायची, आणि खाली येऊन कणीक भिजवायला घ्यायची. दुपारी पोळ्यांबरोबर घरात असेल ती भाजी.

अडचण

रविवारी उपासनेनंतरच्या निवेदनांत सेक्रेटरींनी बाईंच्या अपघाताची बातमी दिली. पाळकसाहेबांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि "प्रत्येकाने आपल्याला जमेल ती लहानशी मदत करावी" असं आवाहन केलं. दुपारपर्यंत व्हॉट्सअॅपवर गट तयार झाला. नाव: 'बाईंसाठी'. संध्याकाळपर्यंत त्यात चाळीसच्या वर माणसं.

त्याच संध्याकाळी बाईंकडे चार डबे आले. दोन घरांतून मटणाचा रस्सा, एकातून चिकन, एकातून खिचडी. बाईंचा फ्रीज लहान, त्यात जुना. सोमवारी आणखी तीन. मंगळवारी कोणीच नाही, कारण प्रत्येकाला वाटलं की एवढ्या गर्दीत आपली गरज काय. हे पुढच्या आठवड्यातही तसंच चाललं: रविवार-सोमवार उतू जायचा, मंगळवार ते गुरुवार कोरडे.

एवढंच असतं तर साधं वेळापत्रक लावून भागलं असतं. खरी अडचण वेगळीच होती आणि ती कोणाला दिसत नव्हती.

डबे स्टीलचे, तीन-तीन पुडांचे. ते परत द्यायचे म्हणजे आधी घासायचे. उजवा हात प्लास्टरमध्ये असलेल्या बाई ते डाव्या हाताने, मोरीत पाट टाकून, रस्श्याचं तूप निघेपर्यंत घासत होत्या. आणि रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही आपल्याकडची रीत. बाईंनी ती पन्नास वर्षं पाळली होती. हात मोडला म्हणून सोडणाऱ्यातल्या त्या नव्हेत. प्रत्येक डब्यात काहीतरी जायचं. आधी साखर, मग घरातले शेंगदाणे, ते संपल्यावर वाड्यातल्या पोराला पाठवून बिस्किटांचे पुडे. ज्या घरांतून डबे गेले त्यांपैकी एकालाही यात काही खटकलं नाही. "बघा, एवढ्या दुखण्यातही बाईंनी पोरांसाठी बिस्किटं दिली," असं एकीने गटावर लिहिलं होतं, हात जोडलेल्या चित्रासकट.

भेटायला येणाऱ्यांचं तेच. आलेला माणूस प्रार्थना केल्याशिवाय जात नाही, प्रार्थना लांबते, मग एखादं गीत होतं, आणि घरी आलेल्याला चहा न विचारता पाठवायचं कसं? शिवाय फोटो. पलंगावर बसलेल्या, गाऊन घातलेल्या, केस कसेतरी क्लिपमध्ये अडकवलेल्या बाईंचा फोटो दुसऱ्या आठवड्यात गटावर पडला. तो त्यांना कोणीतरी कौतुकाने दाखवलाही.

गाऊन आणि विस्कटलेले केस का? कारण काकू वर यायच्या थांबल्या होत्या. भांडण झालं नव्हतं. रविवारी संध्याकाळी जिन्यावर चपलांचा ढीग पाहून त्या अर्ध्यातून परत फिरल्या. सोमवारी पाणी भरलं, पण खोलीत आलेल्या दोघी बायका "आम्ही आहोत ना आता" म्हणाल्या. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. काकूंनी तो निरोप समजून घेतला. पुढे कोणीतरी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांची माणसं आली म्हटल्यावर मी कशाला मधे मधे करू?"

तिसऱ्या रविवारी कमिटीने बाईंना चर्चला आणायचं ठरवलं. रिक्षा सांगितली, जिन्यावरून खुर्चीत बसवून उतरवायला तरुण संघाची दोन दणकट पोरं तयार ठेवली. बाईंनी दार थोडंसं उघडलं आणि "आज बरं वाटत नाही" म्हणून लावून घेतलं. त्यानंतरच्या आठवड्यात आलेल्या दोघा-तिघांना दार उघडलंच नाही. आतून रेडिओ ऐकू येत होता.

मंडळीत कुजबुज सुरू झाली. एवढं करतोय तरी बाईंना त्याची किंमत नाही. म्हातारपणी माणूस हेकट होतो. एकाने तर बैठकीत सरळ सांगितलं, की ज्यांना हवी आहे त्यांना मदत करू, इथे कशाला डोकं फोडायचं.

समोर असलेले पर्याय

जुलैच्या सुरुवातीला झालेल्या बैठकीत पर्याय मांडले गेले ते असे.

खजिनदारांचं म्हणणं होतं की गरीब फंडातून खानावळीचा डबा लावावा. खर्च ठरलेला, वेळ ठरलेली, कोणाला कटकट नाही. यातलं व्यवहारी शहाणपण मला आजही पटतं. अडचण एकच: बाईंची पेन्शन व्यवस्थित चालू होती. गरीब फंडाच्या यादीत आपलं नाव लागलं हे त्यांना कळलं असतं, तर त्या चर्चलाही परत आल्या नसत्या.

दुसरा पर्याय ब्युरोमार्फत दिवसाची बाई ठेवण्याचा. पैसे भाच्याकडून घ्यावेत असं सुचवलं गेलं. भाच्याला फोन झाला, तो तयारही झाला. पण त्याने बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी त्याला झाडलं. आपल्या पाठीमागे आपल्या माणसाकडून पैसे मागितले गेले, हा घाव पुढे बराच काळ राहिला. कमिटीतल्या कोणालाच फोन करण्याआधी बाईंना विचारावंसं वाटलं नव्हतं.

तिसरा, सिस्टर्स चालवत असलेल्या एका वृद्धाश्रमात दीड-दोन महिने ठेवण्याचा. हा फार चर्चेशिवाय मागे पडला. जुन्या भाड्याची खोली दोन महिने बंद राहिली की काय होतं हे पेठेत राहणाऱ्यांना समजावून सांगावं लागत नाही.

चौथा, वेळापत्रक. यावर जवळजवळ एकमत होत आलं होतं. कोणी कोणत्या वारी डबा द्यायचा याचा तक्ता सेक्रेटरींनी तिथेच बनवायला घेतला.

बैठकीत एक निवृत्त नर्स होत्या. त्यांनी तक्ता थांबवला. त्यांचं म्हणणं एवढंच, की पेशंटला बघितल्याशिवाय औषध लिहू नका. मी उद्या सकाळी जाऊन बसते, मग ठरवा. हे या प्रकरणातलं पहिलं महत्त्वाचं वळण, आणि ते कोणत्याही योजनेतून आलेलं नाही. ते हॉस्पिटलच्या वॉर्डातून आलं.

पाळकसाहेबांनी समारोपात बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढला. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, म्हणून कुरकुर झाली आणि सात जण नेमले गेले. यावरून आपण साधारणपणे 'कामाची वाटणी करावी' एवढाच बोध घेतो. पाळकसाहेबांनी वेगळ्या गोष्टीकडे बोट दाखवलं. स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसं वाटणीवर बसवलेली दिसतात. "आपल्या तक्त्यात बाईंच्या बाजूचं कोण आहे?" त्यांनी विचारलं. उत्तर कोणाकडेच नव्हतं. तळमजल्यावरच्या काकूंचं नाव तोवर बैठकीत एकदाही निघालं नव्हतं.

काय केलं

नर्सताई दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गेल्या, पाण्याच्या वेळेला. मुद्दाम. "काय हवंय?" असं त्यांनी विचारलं नाही. या प्रश्नाला आपल्या पिढीतली बाई एकच उत्तर देते: काही नको. त्या नुसत्या बसल्या आणि बाईंची सकाळ बघितली.

कळशी एका हाताने उचलता येत नाही, म्हणून बाई लोटीने पिंप भरत होत्या. पाणी जायच्या आत ते निम्मंही होत नसे. गॅसचा लायटर डाव्या हाताने पेटत नव्हता. गोळ्यांची पट्टी दातांनी फोडत होत्या. दाराची वरची कडी लागत नव्हती, म्हणून रात्री दाराला खुर्ची टेकवून झोपत होत्या. हिशेबाची वही तीन आठवडे कोरी. आणि साडी. निऱ्या घालायला दोन हात लागतात, पदराला पिन लावायलाही. बाईंनी एकदा प्रयत्न केला होता आणि तोल जाऊन पलंगावर बसल्या होत्या. गाऊनवर त्या कधी गॅलरीतही आलेल्या नाहीत. चर्चला तर प्रश्नच नाही.

म्हणजे रिक्षा, खुर्ची, दोन दणकट पोरं, हे सगळं जिन्यासाठी होतं. बाई अडल्या होत्या निऱ्यांपाशी.

नर्सताई तिथूनच खाली काकूंकडे गेल्या. पोळ्यांची गडबड चालू होती, म्हणून त्यांनी आधी पोळपाटाजवळ बसून अर्धा तास पोळ्यांना तूप लावून दिलं, मग बोलल्या. काकू वर यायला तयार होत्याच. त्यांची अट एक: "गर्दी नको. आणि मला कोणी 'थँक्यू' म्हणायला येऊ नका."

इथून पुढे पैशाचा प्रश्न आला. काकूंचा वेळ म्हणजे त्यांच्या पोळ्या. सकाळचा तास वर गेला की ऑर्डर मागे पडते. खजिनदारांनी महिन्याला ठराविक रक्कम द्यावी असं सुचवलं. दुसरी बाजू अशी, की शेजारधर्माला पगार लावला की तो शेजारधर्म राहत नाही आणि प्लास्टर निघाल्यावर दोघींमध्ये मालक-नोकराचं काहीतरी शिल्लक राहतं. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. पाळकसाहेबांनी येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याची आठवण दिली. त्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेलं, दोन दीनार देऊन "याची काळजी घ्या, जास्त लागलं तर परत येताना फेडीन" असं सांगितलं आणि तो आपल्या वाटेने गेला. सगळं स्वतःच्या हाताने केलं नाही आणि उतारशाळेवाल्याला फुकटही राबवलं नाही.

काकूंना विचारलं. वेणी-साडीचे पैसे त्यांनी धुडकावले. मग निघालेला मार्ग मला या प्रकरणातला सर्वांत शहाणा वाटतो: दुपारच्या जेवणाच्या पोळ्या मंडळीतल्या घरांनी करायच्याच नाहीत, त्या काकूंकडून, त्यांच्या नेहमीच्या भावाने, विकत घ्यायच्या. बाईंच्या पोळ्यांचे पैसे बाईच देणार, कारण त्यांना ते परवडत होतं. शिवाय पाच-सहा घरांनी आपल्या रोजच्या पोळ्याही काकूंकडे लावल्या. वेणी वेणीच्या जागी राहिली, धंदा धंद्याच्या.

डब्यांचा बंदोबस्त असा झाला. भाजी आठवड्यातून तीनच दिवस, एका वेळी एकच घर, आणि ती बाईंच्याच पातेल्यात ओतून डबा लगेच परत न्यायचा. बाईंना हे आधी मान्य नव्हतं. रिकामा डबा त्यांच्या दारातून जाणार कसा? दोन दिवस वाद झाला. शेवटी गॅलरीतल्या कुंडीतल्या कढीपत्त्याचं एक डहाळं प्रत्येक डब्यात टाकायचं, यावर तडजोड झाली. ऑगस्टपर्यंत ते झाड जवळजवळ बोडकं झालं होतं.

भेटीचे नियमही नर्सताईंनीच घातले: आधी फोन, पंधरा मिनिटं, चहा नाही, फोटो नाही. प्रार्थना बाई सांगतील तर. गटावर हे वाचून दोघांनी गट सोडला.

बँकेचं काम थोडं खोलात सांगण्यासारखं आहे, कारण ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. बाईंना पेन्शनच्या खात्यातून पैसे काढायचे होते आणि सही जमत नव्हती. कमिटीतल्या एकाने साधा उपाय सुचवला: एटीएम कार्ड आणि पिन तरुण संघाच्या एखाद्या भरवशाच्या मुलाकडे द्यावा. मुलगा खरोखर भरवशाचा होता. तरी नर्सताई आणि खजिनदार दोघांनीही याला ठाम नकार दिला आणि ते बरोबर केलं. पुढे कधी पन्नास रुपयांचा घोळ झाला असता तरी त्या मुलाचं नाव आणि बाईंची झोप दोन्ही गेलं असतं. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराला अंगठ्याच्या ठशावर पैसे काढता येतात. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. खजिनदार बाईंना घेऊन गेले, साक्षीदार म्हणून उभे राहिले, आणि पैसे मोजताना मागे सरकून बसले. त्या दिवशी बाई साडीत होत्या.

शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी तयार निऱ्यांची शिवलेली साडी आणि पुढून हूकचा सैल ब्लाउज करून दिला. ब्लाउज बाईंनी घेतला. साडी घडीसकट परत केली. "ती नाचाला घालतात," म्हणाल्या.

चर्चचा प्रश्न असा सुटला, की रविवारी काकू सहाच्या आत वर येऊन साडी नेसवून जायच्या, कारण त्यानंतर त्यांना उसंत नसे. उपासना साडेआठला. म्हणजे बाई अडीच तास, निऱ्या विस्कटू नयेत म्हणून, खुर्चीत ताठ बसून राहायच्या. यावर दुसरा उपाय सुचवला गेला, नर्सताई साडेसातला येतील म्हणून. बाईंनी नाही म्हटलं. त्यांना काकूच हव्या होत्या.

आणखी एक छोटं काम. संडे स्कूलच्या प्रत्येक मुलाला वाढदिवसाला बाई स्वतःच्या अक्षरात पत्र पाठवतात. जून-जुलैची पत्रं राहिली होती. नववीतला एक मुलगा आठवड्यातून एकदा येऊन त्यांनी सांगितलेलं लिहून घेऊ लागला. त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बाई लाल पेनने डाव्या हाताने दुरुस्त करायच्या. मुलाने तक्रार केली, पण येत राहिला.

काय निष्पन्न झालं

जुलैच्या तिसऱ्या रविवारी बाई चर्चला आल्या, जिना बसत-बसत उतरून. दणकट पोरं खाली रिक्षापाशी उभी होती. त्यांना वर बोलावलं नाही. महिनाअखेरीस प्लास्टर निघालं. मनगट आखडलं होतं, गरम पाण्यात बोटं हलवायचे आणि चेंडू दाबायचे व्यायाम पुढे दोन महिने चालले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी त्या बँकेत एकट्या गेल्या. सही थोडी वाकडी आली, पण चालली.

काकूंकडे त्या पाच-सहा घरांपैकी चार अजून पोळ्या घेतात. यावर कमिटीत एकाने आक्षेप नोंदवला, की मंडळीतही पोळ्या करून देणाऱ्या गरजू बहिणी आहेत, पैसे बाहेर का जावेत? हा आक्षेप हलका नाही. "विशेषतः विश्वासाने एका घराण्यातील झालेल्यांचे बरे करावे" असा पौलाचा आधारही त्यांनी दिला. ज्या अध्यायातून तो दिला त्याच, पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात "एकमेकांची ओझी वाहा" आणि दोन ओव्या सोडून "प्रत्येकाने आपला भार वाहावा" ही दोन्ही वाक्यं आहेत. पाठ करताना आपण पहिलंच करतो. पोळ्यांचे पैसे स्वतः देणाऱ्या बाईंना दुसरंही तोंडपाठ होतं.

भाच्याला केलेल्या फोनबद्दल बाईंनी सेक्रेटरींशी सप्टेंबरपर्यंत नीट बोलणं केलं नाही. आता करतात.

मदत थांबवणंही सोपं गेलं नाही. प्लास्टर निघाल्यावर बाईंनी स्पष्ट सांगितलं, आता पुरे. तरी दोन घरं भाजी पाठवत राहिली. त्यांना तो आपला वार आवडू लागला होता. एका घरी बाईंनी उलट करंज्या पाठवल्या, ऐन ऑगस्टात. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

वेगळं काय करता आलं असतं

व्यासपीठावरून निवेदन करण्याआधी कोणीतरी एकाने वाड्यात जाऊन यायला हवं होतं, आणि बाईंना भेटण्याआधी तळमजल्यावर. अशा प्रत्येक घराभोवती आधीच कोणीतरी काहीतरी करत असतं, आणि ते सहसा मंडळीच्या यादीत नसतं. त्या माणसाला बाजूला सारून केलेली मदत मोठी दिसते, पण हिशेबात उणीच निघते. इथे चाळीस माणसं आली आणि बाईंची वेणी गेली.

व्हॉट्सअॅप गटाचं नाव, फोटो, आभाराचे संदेश यांबद्दल मी फार लिहीत नाही. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात दानधर्मापुढे कर्णा वाजवू नका असं सांगितलेलं सगळ्यांना पाठ आहे. गट काढणाऱ्यांनाही होतं.

भाच्याला फोन करायचा की नाही, हा निर्णय माझ्या मते फक्त बाईंचा होता. यावर मंडळीत अजून दुमत आहे. बाईंचं काही बरंवाईट झालं असतं तर भाच्याने आम्हालाच विचारलं असतं, असं सेक्रेटरी म्हणतात, आणि तेही खोटं नाही.

पण या प्रकरणाची सगळ्यात मोठी उणीव बाईंच्या घरात नाही. त्याच गल्लीत, चार घरं पलीकडे, मंडळीचेच एक गृहस्थ राहतात. साठीचे, विधुर, दारू पितात, उपासनेला फक्त नाताळात येतात. जूनच्या त्या उतू जाणाऱ्या रविवारी त्यांनी वाड्याच्या दारात एका डबेवाल्या बहिणीला थांबवून विचारलं होतं, की जास्तीचा असेल तर एक मला मिळेल का. तिने हो-नाही न करता वाट काढली. हे नर्सताईंना ऑगस्टमध्ये कळलं. चाळीस माणसं मदतीला धावली ती गरज बघून की बाईंवरचं प्रेम बघून, हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या बैठकीत विचारला तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. बाईंवरचं प्रेम बघून धावले, यात चूक काही नाही. पण मग त्याला मंडळीची सेवा म्हणून अहवालात का लिहायचं?

नर्सताई त्या गृहस्थांकडेही जाऊन बसल्या, तशाच, सकाळच्या. त्यांनी जेवण मागितलं नाही. दाढी-कटिंगचे पैसे मागितले. कमिटीत यावर खल झाला. रोख दिले तर ते कुठे जातील हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि फंडाच्या नियमांत कटिंग बसत नव्हती. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. दरम्यान नर्सताई त्यांना घेऊन कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेल्या, बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या आणि पैसे स्वतः चुकते केले. वहीत त्याची नोंद नाही. खजिनदारांचं म्हणणं, नोंद व्हायला हवी होती.